विश्लेषण : धडधाकट प्रिंटर, स्कॅनर नव्या विंडोजवर का अडतात?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यामुळे ‘विंडोज ११’कडे वळणे अनेकांना भाग पडते. मात्र नव्या संगणकाला जुना स्कॅनर किंवा प्रिंटर जोडला, की तो ओळखलाच जात नाही. यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी का ठरते?

ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर हा उपकरण आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातील दुभाषा. कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह ठरावीक प्रमाण भाषा बोलतात, म्हणून ते कुठेही चालतात. अनेक स्कॅनर, प्रिंटर मात्र केवळ आपल्या कंपनीची भाषा जाणतात. तो दुभाषा कंपनीनेच पुरवावा लागतो. मॉडेल बंद झाले, की नवा ड्रायव्हर लिहिण्यात कंपनीला फायदा उरत नाही.

३२ बिट, ६४ बिटचा घोळ काय?

विंडोज १० ही ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही रूपांत मिळत असे. विंडोज ११ केवळ ६४ बिट आहे. जुने ३२ बिट प्रोग्राम त्यावर चालतात. पण सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये काम करणारा ३२ बिट ड्रायव्हर चालत नाही. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर तर त्या प्रोसेसरसाठी बनवलेलाच ड्रायव्हर लागतो.

सुरक्षेचा संबंध कसा?

कर्नलमधील ड्रायव्हरला जवळपास सर्वाधिकार असतात. त्यातील त्रुटी म्हणजे हल्लेखोराला उघडे दार. २०२१ मध्ये गाजलेल्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या छपाई यंत्रणेतील त्रुटीने हा धोका दाखवला. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत येणारा जुना ‘अगेरे’ मोडेम ड्रायव्हर असुरक्षित ठरल्याने काढूनच टाकला. त्यावर अवलंबून असलेले फॅक्स मोडेम बंद पडले. विंडोज ११ मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुविधाही विसंगत ड्रायव्हर रोखते.

प्रिंटरबाबत धोरण काय?

कंपन्यांच्या स्वतंत्र प्रिंटर ड्रायव्हरऐवजी ‘आयपीपी’ या प्रमाण पद्धतीवर मायक्रोसॉफ्टचा भर आहे. १५ जानेवारी २०२६ पासून विंडोज अपडेटद्वारे विंडोज ११ साठी नवे प्रिंटर ड्रायव्हर प्रसिद्ध न करण्याचे धोरण कंपनीने जाहीर केले. १ जुलै २०२६ पासून प्रमाण ड्रायव्हरला प्राधान्य, तर १ जुलै २०२७ पासून जुन्या ड्रायव्हरना केवळ सुरक्षा दुरुस्त्या, असे पुढचे टप्पे आहेत. याचा अर्थ जुने प्रिंटर त्या दिवशी बंद पडतील असा नाही. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेण्याची वाट खुली राहते.

मग मार्ग कोणते?

प्रथम निर्मात्याच्या संकेतस्थळावर ६४ बिट ड्रायव्हर शोधावा. विंडोज ७ किंवा १० साठीचा ड्रायव्हरही अनेकदा विंडोज ११ वर चालतो. स्कॅनरसाठी ‘व्ह्यूस्कॅन’सारखे सशुल्क सॉफ्टवेअर स्वतःचे ड्रायव्हर वापरते. लिनक्सवरील ‘सेन’ प्रकल्पात कॅननच्या ‘लाइड २०’सारख्या जुन्या स्कॅनरचाही समावेश आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी विंडोज चालवून यूएसबी उपकरण तिच्याकडे सोपवता येते. एखादे महागडे यंत्र जुन्या संगणकाशीच बांधलेले असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवणे श्रेयस्कर. अनोळखी संकेतस्थळांवरील ‘ड्रायव्हर अपडेटर’ घेणे किंवा एका प्रिंटरसाठी सुरक्षा सुविधा कायमच्या बंद करणे मात्र महागात पडू शकते.

भुर्दंड कोणाला?

सुरक्षेचा युक्तिवाद खोटा नाही. पण त्याची किंमत ड्रायव्हर न देणारी कंपनी मोजत नाही. ती मोजतो छोटा दुकानदार, छोटे निदान केंद्र आणि सामान्य ग्राहक. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु चालू यंत्र केवळ सॉफ्टवेअरअभावी कचरा ठरू नये, यासाठी मॉडेल बंद करताना त्याची तांत्रिक माहिती खुली करण्याचे बंधन हवे. ते येईपर्यंत खरेदीपूर्वी एक प्रश्न विचारणे ग्राहकाच्या हाती आहे : हे उपकरण प्रमाण भाषा बोलते की फक्त कंपनीची?