काउंटर वाढला, आम्हाला कोणी विचारलं?

जामनेरात आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक परमिट रूम आहे. ऐन कापूस वेचणीच्या हंगामात, बायांच्या हातात मजुरी येते त्या दिवसांत, मालकाने तिला लागून नवी खोली काढली. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत काउंटर बसवला. साडेतीन फूट उंच, सनमायका लावलेला, वर काळा ग्रॅनाइट, पाय टेकायला स्टीलचा दांडा. काम सुबक आहे. ते करणाऱ्या मिस्त्रीची बायको आमच्या बचत गटात आहे. मजुरीतलं घरी किती आलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, काउंटर बी त्यानंच केला अन् पहिलं गिऱ्हाईक बी तोच."

मिस्त्रीला मी दोष देत नाही. माझा सवाल परवाना देणाऱ्यांना आहे. परवान्याच्या जागेत बदल करायचा तर सरकारची मंजुरी लागते. म्हणजे मालकाने अर्ज करायचा, साहेबाने सही करायची. वस्तीतल्या बायांना विचारायची गरज कोणालाच वाटत नाही.

तेच दुकान बंद करायचं म्हटलं की बघा! 2008 च्या शासन आदेशाने अट घातली: आधी 25 टक्के स्त्री मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि यादीतल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं 'आडव्या बाटली'ला. झालेल्या मतांपैकी नव्हे, यादीतल्या! वारलेली, सासरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, सगळ्याजणी आपोआप 'उभ्या बाटली'च्या बाजूने. ही कसोटी कुठल्या आमदाराला लावली जाते?

खानदेशात हा झगडा जुना आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायांनी गुत्त्यांवर चालून जाऊन दारूची मडकी फोडली. त्याच शहाद्यात नोव्हेंबर 2017 मध्ये साखर कारखान्याच्या कार्यक्रमात जामनेरचे आमदार आणि तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन म्हणाले, खप वाढवायचा तर दारूला बायकांची नावं द्या. गदारोळ झाल्यावर त्यांनी माफी मागितली. पण बाटलीवर बाईचं नाव चालतं आणि बाटलीबद्दल बाईचं मत चालत नाही, ही वृत्ती माफीने जात नाही.

महसूल बुडेल, असं आम्हाला ऐकवलं जातं. हा महसूल कोणाच्या डब्यातल्या पिठातून येतो, तेही एकदा मोजा.

मैत्रिणींनो, दोन मागण्या लावून धरूया. दारूच्या दुकानाची जागा वाढवायची तर आधी त्या वस्तीतल्या स्त्रियांचं मतदान घ्या. आणि मतदान कुठलंही असो, झालेल्या मतांचं साधं बहुमत माना. तोवर हातातलं काम करूया. उत्पादन शुल्क खात्याकडे माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागा, टेप घेऊन जा, खोली मोजा. आम्ही अर्ज दिला आहे. तुमच्या गावातल्या काउंटरची लांबी आम्हाला कळवा.