आधी उभा कुठे करणार?

पुण्याच्या भाच्याला ट्रेलर घ्यायचाय. चारचाकीमागे जोडायचा, आत चौघांनी झोपायचं, मागच्या फळीवर स्वयंपाक करायचा आणि सुट्टी संपली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये ढकलून ठेवायचा, असला. त्याने चार-पाच नमुन्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘मामा, तुम्ही सांगा कोणता घेऊ.’ घरात सगळे हसले. पाटोद्यातल्या माणसाला कॅम्पिंगचं काय कळतं! पण चाकांवर संसार लादून निघणारी माणसं बघायची असतील तर बीडमधल्या पाटोदा, आष्टी, शिरूरसारखे तालुके महाराष्ट्रात फार नाहीत. हौसेने कुणी निघत नाही, एवढाच फरक. तो फरक लहान नाही आणि त्याच्याकडे मी येणारच आहे.

दसरा सरला की आमच्या रस्त्यांवर ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल तोवर लग्नात, दवाखान्यात नाहीतर मागच्या देण्यात जिरलेली असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि त्यात टोळीतले सगळे कोयते. कोयता म्हणजे इकडे नवरा-बायकोची जोडी. सोबत पोरं, शेळ्या, कोंबड्या, एखादी म्हातारी. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी सोलापूरला, कुणी थेट कर्नाटकात. परत यायचं ते ऊस संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे.

ही ट्रॉली भरताना उभं राहून बघावी. बाजरी-ज्वारीची पोती सगळ्यांत आधी, आणि तीही आखाच्या वर येतील अशी. त्यावर पेट्या, अंथरुणं. कोपीच्या, म्हणजे राहायच्या झोपडीच्या, कामट्या आणि ताडपत्री मात्र सगळ्यांत शेवटी, वरच्या वर. कारण उतरल्यावर पहिल्यांदा लागते ती कोपी. अंधार पडायच्या आत ती उभी राहिली पाहिजे. तवा, काठवट, काड्यापेटी आणि रात्रीपुरतं पीठ एका घमेल्यात, बाईच्या हाताशी. गेल्या वर्षी एका बाईने नवऱ्याला पेटी उतरवून पुन्हा चढवायला लावली, कारण औषधाचा डबा तळाशी गेला होता. ट्रेलरच्या जाहिरातीत ‘स्टोरेज’ म्हणून जे कप्पे दाखवतात, ते काढणाऱ्याने असली एखादी बाई चार तास शेजारी बसवायला हवी होती.

बैलगाडीवर जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. कारखान्याची लोखंडी टायरगाडी, दोनच चाकं. तिच्यात भार मागे सरकला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला काचतं. भार पुढे आला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर. गाडीवान मोळ्या रचताना हेच सांभाळत असतो. दोन चाकांच्या ट्रेलरचं गणित याहून निराळं नाही. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पुढच्या हुकावर पडला पाहिजे. तेवढा पडला नाही तर हमरस्त्यावर वेग घेतल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि पुढच्या मोटारीलाही ओढतो. भाच्याला सगळ्यांत आवडलेल्या नमुन्यात पाण्याची टाकी, चूल आणि भांड्यांचा कप्पा तिन्ही पाठीमागे होते. फोटोत ते फार देखणं दिसत होतं. तो नमुना मी पहिल्यांदा बाद केला.

दुसरं, वजन. विकणारा सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात सिलिंडर, गाद्या, बॅटरी, पोरांची सायकल. युरोपात मोटारीच्या साध्या परवान्यावर भरलेल्या ट्रेलरची साडेसातशे किलोपर्यंतची मर्यादा सहसा धरतात. ती आपला कायदा नाही, पण लहान कुटुंबाच्या मोटारीला ती मापाची आहे. त्याआधी आपल्या मोटारीचं माहितीपुस्तक उघडावं. काही मोटारींच्या पुस्तकात ट्रेलर ओढूच नका असं छापलेलं असतं आणि ते पान कुणी वाचलेलं नसतं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरचीही नोंदणी लागते, नंबर लागतो. तो कागद विक्रेता देणार की आपण आरटीओत खेटे घालायचे, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.

आणि मग उभा करायची जागा. ट्रेलर वर्षातले चार-सहा आठवडे रस्त्यावर असेल, बाकी सगळा काळ एका जागी. म्हणजे घ्यायचा तो त्या जागेच्या मापाने. सोसायटीत एका मोटारीची जागा साधारण अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब असते. उंची मोजायची ती स्लॅबपर्यंत नाही, खाली आलेल्या तुळईपर्यंत. आणि तुळईखालून नळ गेला असेल तर नळापर्यंत. लांबीत ओढदांडी धरायची, जाहिरातीत ती बऱ्याचदा धरलेली नसते. दांडी मुडपता येत असेल तर दोन-तीन फूट वाचतात. तळघरात उतार असेल तर उताराच्या माथ्यावर ट्रेलरचं पोट घासतं का, तेही बघावं. पूर्वी आमच्याकडे लाकडी गाडीचं काम संपलं की चाकं काढून भिंतीला टेकवायचे आणि साटा छपराखाली सरकवायचे. सुटं करता येणारी वस्तू कमी जागेत मावते, हे साधं आहे.

राहता राहिले प्रकार. पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे बंद ट्रेलर असतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात लोक ते घरी बांधायचे. दिसायला गोजिरवाणे, ओढायला हलके, उंचीला पाच-सहा फूट. पण आत दोघंच झोपतात. मोटारीच्या किंवा ट्रेलरच्या टपावर उघडणारे तंबू असतात. त्यांना शिडी लागते, आणि भाचा आईलाही नेणार म्हणतोय. माझी ही बहीण गुडघ्यांमुळे घरचा जिनासुद्धा कठडा धरून चढते. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला शिडीवर झोपवणं हा अत्याचार आहे. उरतो तो घडीचा ट्रेलर: खाली पत्र्याची पेटी, वर उघडणारं कॅनव्हास, दोन्ही बाजूंना बाहेर सरकणारे पलंग. मिटला की छातीइतका उंच, उघडला की चौघं-पाच जण. माझं मत याला. त्याची एकच खोड, कापड ओलं असताना मिटून ठेवलं की बुरशी धरते. पुण्यातल्या पावसाळ्यात आठवडाभर गॅलरीत वाळत घालायची तयारी असेल तरच घ्यावा. उभा असताना चाकांवरचा भार ठोकळ्यांवर घ्यावा. टायर न फिरताही म्हातारे होतात. आणि मागे घ्यायचा सराव करावा. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, पहिले काही दिवस डोकं चालत नाही. आमच्याकडची पोरं एक ट्रॉली बोळात एका दमात मागे घालतात. दोन ट्रॉल्या असतील तर तीही मागची सोडून घेतात.

श्रावणात भाच्याला सौताड्याला यायचंय. विंचरणेचा धबधबा त्या दिवसांत खरोखर बघण्यासारखा असतो, खाली रामेश्वराचं देऊळ आहे. पण रात्री उभं कुठे राहायचं, हा प्रश्न तिथेही येतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यातली कॅरव्हॅन पार्कची कल्पना अगदी योग्य आहे: गाडी उभी करायला सपाट जागा, पिण्याचं पाणी, वीज, स्वच्छतागृह, सुरक्षितता. ही यादी ज्याने केली त्याला फिरत्या कुटुंबाला काय लागतं ते नेमकं कळलेलं आहे.

तीच यादी घेऊन जानेवारीत एखाद्या कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या तळावर जा. दुरून ऊसच दिसतो, मग पाचट-ताडपत्रीच्या कोप्यांची रांग. आत शिरायचं तर कमरेत वाकून. बाया पहाटे अंधारातच फडात जातात. त्याचं एक कारण काम असतं आणि दुसरं कारण, उजाडल्यावर आडोसा उरत नाही. पाणी भरायला किती लांब जायचं हे शेतमालकाच्या मर्जीवर. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा चार दिवस राज्याला कळलं की आडोसा नसणं आणि पाणी नसणं हा आजारपणाचाही विषय आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, भगवानबाबांच्या नावाने मुलांची वसतिगृहं निघाली. चांगलंच झालं. गावात राहिलेल्या मुलाची सोय होते. पण आईबरोबर गेलेलं तान्हं तळावरच असतं.

दोन दिवस गंमत म्हणून बाहेर झोपणाऱ्या कुटुंबाला जे लागतं, ते पाच महिने नाइलाजाने बाहेर झोपणाऱ्याला कमी लागतं, असं धोरण आखणाऱ्यांना वाटत नसावं. मग कॅरव्हॅन पार्कची यादीच तळांना लावावी. नवी समिती नको, नवा अभ्यास नको. गाळपाचा परवाना दर हंगामाला पुण्याच्या साखर आयुक्तालयातून निघतो. त्यावर सही होण्याआधी तिथल्या एका माणसाने प्रत्येक कारखान्याच्या तळावर जावं, नळ सोडून बघावा आणि संडासाचं दार आतून लागतं का ते बघून यावं.