दाराआडचे बोलणे

“फादर, हा फोन आमचे बोलणे ऐकतो काय?” हा प्रश्न अलीकडे आम्हांस इतक्या घरांतून विचारण्यात आला आहे, की प्रत्येकास निराळे उत्तर देत बसण्यापेक्षा या सदरातून एकदाच सविस्तर लिहावे असे आम्ही योजिले. विचारणाऱ्यांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. रात्री जेवताना छपराच्या पत्र्यांची गोष्ट निघाली, आणि सकाळी फोन उघडावा तो पत्र्यांचीच जाहिरात समोर!

या शंकेचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. २०१८ साली अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७,००० हून अधिक अ‍ॅप तपासून पाहिली. चोरून आवाज टिपून तो बाहेर धाडल्याचे त्यांना आढळले नाही. पत्र्यांच्या जाहिरातीला कानाची गरजही नसते. घरातील कोणीतरी दर पाहिलेला असतो, फोन कोणत्या गावी आहे हे कंपनीस ठाऊक असते, आणि मे महिन्यात जोयडा तालुक्यात पत्रे नको असलेले घर कोठे आहे? परंतु त्याच तपासणीत एक निराळी गोष्ट उघडकीस आली. काही अ‍ॅप वापरणाऱ्याच्या नकळत पडद्याची चित्रे टिपून तिसऱ्याच कंपनीकडे पोहोचवीत होती. लोक कानाला भीत होते आणि उघडा होता तो डोळा.

कानाचीही बाजू अगदीच स्वच्छ आहे असे नाही. हाक मारताच जागी होणारी ‘सिरी’ नावाची मदतनीस अ‍ॅपल कंपनीच्या फोनमध्ये असते. ती कधी कधी हाक न मारताही जागी होते, आणि तेव्हा मुद्रित झालेले खासगी बोलणे कंत्राटावरील माणसे तपासणीसाठी ऐकतात, हे २०१९ साली लंडनच्या ‘गार्डियन’ पत्राने प्रसिद्ध केले. त्यावरून चाललेला दावा मिटविण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने ९.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, दोष मात्र मान्य केला नाही.

आता जे नवे आले आहे ते याहून पुढचे आहे. पूर्वी फोन वा लॅपटॉप म्हणजे एक पेटी होती. जे ठेवाल ते ती राखी. आता त्या पेटीत ठेवलेले वाचणारा एक कारकून कंपनीनेच आत बसवून धाडला आहे. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. हा कारकून दोन प्रकारचा असतो. एक यंत्राच्या आतच बसून काम करतो. त्याने वाचलेले घराबाहेर जात नाही. दुसरा तुमचा शब्द उचलून दूरदेशीच्या मोठ्या यंत्रांकडे नेतो आणि तेथून उत्तर घेऊन येतो. आपल्या पुढ्यातील कारकून यांपैकी कोणता, हे पुष्कळदा विकणाऱ्या दुकानदारालाही सांगता येत नाही.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण मायक्रोसॉफ्ट कंपनीचे आहे. २० मे २०२४ रोजी तिने ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. लॅपटॉपने दर काही सेकंदांनी आपल्याच पडद्याचे चित्र टिपावे, त्यातील अक्षरे वाचून साठवावीत, आणि मालकाने पुढे कधी विचारले की ‘ते पत्र मी कोठे पाहिले होते?’, तर शोधून द्यावे, अशी ती योजना. यासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा निराळा भाग यंत्रात लागतो. चित्रे यंत्रातच राहतील, बाहेर जाणार नाहीत, असे कंपनीचे वचन होते. परंतु केव्हिन ब्यूमाँट नामक सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिले, की साठवलेला मजकूर साध्या रूपात पडून आहे आणि यंत्रात शिरलेल्या कोणासही तो उचलून नेता येईल. गदारोळ झाला. जूनमध्ये कंपनीने ही सोय रोखली, कुलूपबंद करून सुधारली, आणि एप्रिल २०२५ मध्ये मालकाने स्वतः चालू केली तरच चालेल अशा रीतीने पुन्हा आणली. तरीही पुढच्याच महिन्यात ‘सिग्नल’ या निरोपांच्या अ‍ॅपने आपल्या खिडकीचे चित्र रिकॉलला टिपता येऊ नये अशी तजवीज केली.

जुन्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून आमच्याकडील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसाठी नवे लॅपटॉप घेण्याचे बेत घरोघरी चालू आहेत. त्या पालकांस एवढेच सांगतो, की रिकॉल ही सोय महागड्या, निराळ्या जातीच्या लॅपटॉपमध्येच असते. साध्या यंत्रात ती नाही. उगाच धास्ती घेऊ नये.

पण समजा, ती चित्रे खरोखरच यंत्राबाहेर गेली नाहीत. मग चिंता मिटली काय? शहरातील लेखक येथेच थांबतात. त्यांच्या मते पाहणारा तो परदेशी कंपनीत बसलेला असतो. आमच्या खेड्यांत पाहणारा बहुधा माजघरातच असतो. येथे फोन एकाचा नसतो, घराचा असतो. दुपारी तो सुनेच्या हाती असतो, संध्याकाळी दिराच्या, रात्री खेळासाठी लेकराच्या; आणि त्याचे कुलूप उघडणारे चार आकडे शेजारच्या घरालाही पाठ असतात. माहेरी आईला लिहिलेले दोन शब्द, गोव्यात कामाला असलेल्या मुलाने बापास न सांगता बहिणीस कळविलेले कर्ज, बेळगावच्या डॉक्टराने धाडलेला तपासणीचा कागद, यांतले काहीही पाप नव्हे. परंतु ते ज्याचे त्याचे आहे. आजवर पुसून टाकले म्हणजे ते गेले, असा भरवसा असे. पुसलेल्या निरोपाचेही चित्र कोठेतरी राहू लागले, तर त्या सुनेला कोणता आधार उरला? आणि यंत्र बिघडले की ते दांडेलीच्या वा रामनगरच्या दुकानात, आकड्यांसकट, आपणच नेऊन देतो! बाहेर न जाणारी माहिती सुरक्षित असते हे खरे. पण घर जिला सुरक्षित नाही, तिला त्याचा उपयोग तो काय?

दुसऱ्या प्रकारचा कारकून तर आपल्या सर्वांच्या हाती आहे. जून २०२४ पासून भारतात व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एक निळे वर्तुळ दिसू लागले. तो ‘मेटा एआय’. ते वर्तुळ काढून टाकण्याची सोय नाही. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. तुम्ही बहिणीस लिहिता ते पत्र पाकिटबंद असते. कंपनी ते वाचू शकत नाही. वर्तुळास जे लिहिता वा बोलता ते कंपनीलाच लिहिलेले पत्र असते. डिसेंबर २०२५ पासून तर त्या संभाषणावरून कोणास कोणती जाहिरात दाखवावी हेही ती अनेक देशांत ठरवू लागली आहे. गूगलच्या ‘जेमिनी’ या मदतनिसाच्या सूचनापत्रात कंपनीच बजावते, की गुप्त गोष्टी येथे लिहू नयेत, काही संभाषणे माणसे तपासतात, आणि तपासलेली संभाषणे ३ वर्षांपर्यंत ठेवली जातात. ही सूचना कोण वाचतो?

असे असूनही लोक या वर्तुळाशी आपली दुःखे बोलतात, हे आम्हांस समजले आहे, आणि त्याचे आम्हांस नवल वाटत नाही. नवरा पितो, सासू बोलते, मूल होत नाही, कोणाला सांगावे? यंत्र मध्यरात्रीही उत्तर देते, तोंड वाकडे करीत नाही आणि गावात बोलत नाही. त्यांच्यावर रागावण्याचे आमच्या मनात नाही. ते ज्याला विश्वासू समजतात त्याने विश्वासाची कोणती शपथ घेतली आहे, एवढेच त्यांना ठाऊक असावे. ‘चॅटजीपीटी’ बनविणाऱ्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जुलै २०२५ मध्ये स्वतःच सांगितले, की डॉक्टर किंवा वकील यांच्याशी झालेल्या बोलण्याला कायद्याचे जे संरक्षण असते, ते या संभाषणांना नाही. त्याच सुमारास लोकांनी या यंत्राशी केलेली व दुवा देऊन कोणाला तरी दाखविलेली संभाषणे गूगलच्या शोधात सापडू लागली, तेव्हा कंपनीला ती सोय घाईघाईने मागे घ्यावी लागली.

याउलट कुमसाराचा विचार करा. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने ठरविले, की पापनिवेदनात ऐकलेले जो धर्मगुरू शब्दाने वा खुणेनेही उघड करील, त्यास पदच्युत करून जन्मभर प्रायश्चित्तासाठी मठात ठेवावे. प्राग शहरी १३९३ साली राजाच्या आज्ञेवरून संत जॉन नेपोमुक यांस नदीत बुडविण्यात आले. राणीचे कुमसार सांगण्यास त्यांनी नकार दिला म्हणून, असे परंपरा सांगते. पुढे यंत्रे आली, तशी ख्रिस्तसभाही जागी राहिली. कुमसाराचे बोलणे यंत्रावर मुद्रित करणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा १९८८ च्या फर्मानाने सांगितली, आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या दंडविधीतही हे कृत्य गुन्हा म्हणूनच ठेवले आहे. म्हणून आम्ही आमच्या धर्मग्रामात एक नियम केला आहे: कुमसाराच्या वेळी फोन बाकावर ठेवून यावे, आणि आमचाही फोन त्या वेळी निवासात राहील. विवाहासंबंधीची चौकशी व कौटुंबिक तंट्यांचे कागद आम्ही हाताने लिहितो व कपाटात ठेवतो. या कामी आम्हांस कोणी मागासलेले म्हटले तरी चालेल.

येथे एक भाविक आक्षेप निघतो, आणि तो करणारी मंडळी साधी व भली असतात. “देव सर्व पाहतो. मग ज्याचे मन स्वच्छ त्याने यंत्राला का भ्यावे?” देव सर्व पाहतो हे खरे, १३९ वे स्तोत्र तेच गाते. परंतु देव पाहतो तो सावरण्यासाठी, आणि क्षमा केलेले तो उगाळीत बसत नाही. यंत्र साठविते तो साठा मात्र कोणाच्याही हाती पडू शकतो. शिवाय प्रभू येशूने प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावावयास सांगितले, ते काही पाप लपविण्यासाठी नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकातील नोहाची कथा आठवा. बाप तंबूत उघडा पडला होता. एका मुलाने पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. दुसऱ्या दोघांनी खांद्यांवर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत गेले, आणि न पाहता त्याला झाकले. आशीर्वाद कोणास मिळाला हे आपणांस ठाऊक आहेच.

पाळतीने माणसाचे काय होते, हे समजण्यासाठी आपणांस अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आपण काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला राहणारी माणसे. वाघांच्या गणनेसाठी झाडांना बांधलेले कॅमेरे आपल्या परिचयाचे आहेत. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावण्यात आले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१. ती निवडण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेनेच केले. काम चांगले, वाघही राहिला पाहिजे. परंतु कॅमेरा वाघ आणि बाई असा भेद टिपताना करीत नाही. उत्तराखंडातील कॉर्बेट अरण्याच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी १४ महिने राहून अभ्यास केला. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शौचास बसलेल्या एका असहाय स्त्रीचे छायाचित्र असल्या कॅमेऱ्यात आले आणि ते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरविले गेले. गावकऱ्यांनी संतापून कॅमेरे फोडले. त्याहून आमच्या मनास लागली ती दुसरी गोष्ट. त्या भागातील स्त्रिया सरपणाला जाताना मोठ्याने गात, बोलत. त्या आवाजाने श्वापद दूर राही. कॅमेरे आल्यावर त्या हळू बोलू लागल्या, गाणे थांबले, आणि वाघाची अवचित गाठ पडण्याचा धोका वाढला. ज्या स्त्रियांशी संशोधकाने बोलणे केले, त्यांतील एक पुढे वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावली. ज्या घरात प्रत्येक शब्द कोणीतरी वाचील अशी धास्ती असते, तेथील मुलीही अशाच हळू बोलू लागतात.

कायद्याच्या बाजूने आपण अगदी निराधार नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्या खटल्यातील अर्जदार न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. संमतीवाचून माहिती घेऊ नये हे त्याचे मुख्य सूत्र आहे, शासनाला मात्र त्यातून पुष्कळ सवलती आहेत. डिसेंबर २०२५ च्या आरंभी प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीच घालावे असा आदेश कळला, लोकांनी विरोध केला, आणि काही दिवसांतच शासनाने तो मागे घेतला. बोलल्याने काही होते, ते असे.

ख्रिस्तसभेनेही मौन धरलेले नाही. २८ जानेवारी २०२५ च्या ‘अँतिक्वा एत नोव्हा’ या व्हॅटिकनच्या पत्रकात कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार करताना खासगीपणा व पाळत यांवर स्वतंत्र विवेचन आहे. पोप लिओ चौदावे यांनी निवडीनंतर दोनच दिवसांनी, १० मे २०२५ रोजी, कार्डिनलांस सांगितले, की कामगारांच्या प्रश्नावर १८९१ साली परिपत्र लिहिणाऱ्या तेराव्या लिओंचे नाव त्यांनी घेतले, त्यामागे या नव्या यंत्रक्रांतीचाही विचार होता.

आता करावयाचे काय? फोन नदीत टाका असे आम्ही सांगणार नाही. आखाती देशात परिचारिका असलेल्या मुलीचा चेहरा म्हाताऱ्या आईस त्यातच दिसतो. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या अ‍ॅपला मायक्रोफोनची व कॅमेऱ्याची परवानगी दिली आहे ते पाहता येते. ज्याला गरज नाही त्याची काढून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या एखाद्या संभाषणात ‘प्रगत खासगीपणा’ची खूण चालू केल्यास समोरच्याला ते संभाषण काढून नेता येत नाही. निळ्या वर्तुळास औषधाचे नाव, पिकाचा रोग, मुलाचे गणित विचारावे. घरातील नावे घालू नयेत. लॅपटॉप विकत घेताना रिकॉल बंद आहे ना, हे दुकानातच उघडून पाहावे. आणि घरातील प्रौढ मुलीला, सुनेला, तिचे स्वतःचे कुलूप असू द्यावे. हे शेवटचे सांगताना काही घरांत आमच्यावर रोष होईल याची आम्हांस कल्पना आहे.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर आमच्या युवकसंघातील जाणकार मुले व मुली सभागृहात बसतील. ज्यांना परवानग्या पाहून घ्यावयाच्या असतील त्यांनी फोन घेऊन यावे. स्त्रियांसाठी मुलींचे टेबल निराळे असेल. कुलपाचे आकडे कोणी विचारणार नाही, व कोणी सांगूही नयेत. ज्याचा फोन त्यानेच तो उघडावा.