निष्काळजी कोण?

मुंबईच्या लोकलगाडींतून पडून कोणी मरण पावला, कीं आमच्या सुशिक्षित घरांत सकाळच्या चहाबरोबर एक शब्द हमखास उच्चारला जातो : निष्काळजीपणा. दारांत लोंबकळावें कशाला, पुढच्या गाडीनें जातां येत नव्हतें काय, असें विचारून आपण वर्तमानपत्राचें पान उलटतों. हा शब्द खोटा आहे, आणि तो उच्चारणें आपल्या वर्गास शोभत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ता. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं दिवा व मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान काय घडलें तें आठवावें. परस्परविरुद्ध दिशांनीं दोन गाड्या एकाच वेळीं वळणावरून गेल्या. दोहोंच्या दारांत माणसें लटकलेलीं होतीं. तीं रुळांवर पडलीं, आणि त्याच दिवशीं चौघे दगावले. ज्यांनीं सकाळच्या वेळीं दिव्याच्या फलाटावर पाऊल ठेवलें आहे, त्यांस ‘पुढची गाडी’ म्हणजे काय हें सांगावयास नको. ती कर्जत-कसाऱ्याहून, कल्याणहून भरूनच येते. जलद गाड्यांना तेथें थांबा मिळाला तोच मुळीं २०१६ च्या अखेरीस. तत्पूर्वीं २ जानेवारी २०१५ रोजीं तेथील प्रवाशांचा संताप रुळांवर उतरला होता.

कांहीं तरुण केवळ हौसेनें दारांत उभे राहतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु खांद्यास डब्याची पिशवी लावून दांडा पकडणारा संसारी कारकून हौसेनें लटकत नाहीं. त्याला आंत जागा नसते, आणि मागें राहण्याची सोय नसते.

कायदाही आपल्याइतका कठोर नाहीं. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचें १५६ वें कलम पायरीवरून प्रवास करणाऱ्यास शिक्षा सांगतें, हें खरें. तथापि त्याच अधिनियमाचें १२४-अ हें कलम, उतारू अपघातानें गाडींतून पडल्यास, रेल्वेचा दोष असो वा नसो, भरपाई द्यावयास लावतें. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असाही निर्वाळा दिला कीं, गाडींत चढतांना वा उतरतांना कोणी मृत्यु पावला वा जखमी झाला, तर केवळ त्याच्या निष्काळजीपणाच्या सबबीवर भरपाई नाकारतां येणार नाहीं. न्यायासनाला जें उमगलें, तें आपल्या दिवाणखान्यांत उमगूं नये, हें नवल नव्हे काय?

त्या अपघाताच्याच दिवशीं रेल्वेनें नव्या लोकलगाड्यांस स्वयंचलित दारें बसविण्याची घोषणा केली. दारें अवश्य बसवावींत. पण दार मिटल्यानें गाडींतली जागा वाढत नाहीं. आज जो पायरीवर आहे तो उद्यां फलाटावर राहील, एवढाच फरक. गाड्या आणि मार्ग वाढल्यावांचून हा प्रश्न सुटावयाचा नाहीं, आणि तें काम सरकारचें आहे. त्यासाठीं सरकारला धारेवर धरण्यास आम्ही कचरणार नाहीं.

परंतु एक गोष्ट सरकारच्या नव्हे, आपल्या हातीं आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येक कचेऱ्यांचे चालक आहेत, अधिकारी आहेत. सर्व कचेऱ्या एकाच सुमारास उघडावयाच्या, दहा मिनिटें उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापावयाचा, आणि तो पगार वांचविण्यासाठीं जो दारांत लटकला त्यास निष्काळजी म्हणावयाचें, हा कोठला न्याय? मध्य रेल्वेनें २०२३ सालीं आपल्या मुंबईंतील मुख्य कचेरींत कामाच्या वेळा विभागल्या व इतर संस्थांसही तसें करण्याची विनंती केली. ती विनंती आपल्यापैकीं किती जणांनीं मनावर घेतली?

पुढच्या वेळीं तो शब्द ओठांवर येईल, तेव्हां आपण स्वतःस एवढेंच विचारावें : त्या माणसाला अमुक ठोक्यालाच मस्टरवर सही करण्यास कोणीं भाग पाडलें होतें?