गुण हाती, गाडी बंद!

प्रतिनिधी, वाशिंद

दहावीचा निकाल लागला की अकरावी प्रवेशाची धावपळ सुरू होते, हे चित्र महाराष्ट्राला नवे नाही. मात्र २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत निकाल विक्रमी लागले आणि धावपळ करायला वाटच उरली नाही. शाळांचे दरवाजे बंद, महाविद्यालयांच्या खिडक्या बंद आणि लोकलही सर्वसामान्यांसाठी बंद. 'आता पुढे काय', या प्रश्नाचे उत्तर पालकांना घरात बसून, मोबाइलच्या पडद्यावर शोधावे लागले.

मुंबई-ठाण्यातील पालकांच्या ओढाताणीची त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. कसारा मार्गावरील वाशिंदसारख्या गावात हा प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होता. येथे महाविद्यालय निवडणे म्हणजे शाखा निवडणे असते, तितकेच ते गाडी निवडणेही असते. करोनाने ही दोन्ही गणिते एकाच वेळी विस्कटली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एरवी शाळेतील शिक्षक आणि महाविद्यालयाच्या खिडकीवरचा कारकून यांच्या मदतीने चालणारे प्रवेशाचे नियोजन या काळात उचलले गेले आणि थेट पालकांच्या खांद्यावर येऊन पडले. साथ ओसरली, ओझे मात्र तेथेच राहिले आहे.

अंतराचे गणित

वाशिंद हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील, खडवली आणि आसनगाव यांच्यामधले स्थानक. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते सुमारे ८० किलोमीटरवर, तर कल्याणपासून सुमारे २६ किलोमीटरवर आहे. शहापूर तालुक्यात शिक्षणाच्या सोयी नाहीत, असे म्हणता येणार नाही. शहापुरात सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, आसनगावला जोंधळे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शेजारच्या मुरबाड तालुक्यात शिवळे येथे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. तरीही विज्ञान शाखा, नामांकित वाणिज्य महाविद्यालय किंवा वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांची शिकवणी यांचा विषय निघाला, की येथील पालकांची नजर कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली आणि ठाण्याकडे वळते.

या प्रवासाचा कणा म्हणजे लोकल. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे गाड्यांची संख्या मुळातच मर्यादित. एक गाडी चुकली, की पहिले व्याख्यान चुकले, हा येथला रोजचा हिशेब. त्यामुळे शहरातील पालक महाविद्यालयाचा 'कट ऑफ' पाहतात, तेव्हा वाशिंदचा पालक त्याच्या जोडीला वेळापत्रकही पाहतो. मुलगी असेल तर संध्याकाळी परतीची गाडी किती वाजता आहे, हा प्रश्न कित्येक घरांत गुणांच्याही आधी विचारला जातो.

तारखांचा खेळखंडोबा

२०२० मध्ये नेमका हा कणाच मोडला. २३ मार्च रोजी होणारा दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. २३ मार्चपासून लोकल थांबली. १५ जूनपासून ती सुरू झाली, ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. बारावीचा निकाल १६ जुलैला लागला, तो ९०.६६ टक्के, दहावीचा २९ जुलैला लागला, तो ९५.३० टक्के. योगायोग असा, की नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तीही त्याच २९ जुलैला. देशाच्या शिक्षणाचा पुढील आराखडा मंजूर होत असताना त्याच दिवशी उत्तीर्ण झालेल्या मुलांना आपले वर्ग कधी भरणार, हे ठाऊक नव्हते.

पुढे सप्टेंबरमध्ये दुसरी कलाटणी मिळाली. अकरावीची पहिली गुणवत्ता यादी लागून गेली होती आणि दुसरी तोंडावर होती. ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली आणि केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया जागच्या जागी थांबली. ती पुन्हा मार्गी लागायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. जुलैत निकाल हाती आलेल्या मुलांपैकी अनेकांचे प्रवेश डिसेंबरात झाले. आरक्षणाच्या प्रश्नावर मत काहीही असो, मधल्या अडीच महिन्यांत पालकांपुढे उभा राहिलेला पेच सर्वांना सारखाच होता. हाताशी असलेल्या जवळच्या महाविद्यालयात प्रवेश घेऊन मोकळे व्हायचे, की कल्याणच्या यादीची वाट पाहायची? ज्याच्या घरी पैसा आणि माहिती होती, त्याला वाट पाहणे परवडले. ज्याच्या घरी रोजगार गेला होता, त्याला ते परवडण्याजोगे नव्हते.

बारावीनंतरची परिस्थितीही वेगळी नव्हती. जेईई सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नीट १३ सप्टेंबरला, तर राज्याची सीईटी थेट ऑक्टोबरात झाली. जेईई-नीटच्या दिवशी प्रवेशपत्र दाखवून विद्यार्थी आणि सोबतच्या पालकाला लोकलने जाण्याची मुभा मिळाली, हा दिलासा होता. परंतु १२ ऑक्टोबरला, अभियांत्रिकी गटाची सीईटी सुरू झाली त्याच सकाळी, वीजजाळ्यातील बिघाडाने मुंबई आणि ठाणे परिसर अंधारात गेला आणि लोकल जागेवर उभ्या राहिल्या. ज्यांचा पेपर हुकला, त्यांना पुन्हा संधी देण्याची घोषणा सरकारने केली. तरी केंद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी एक परीक्षा किती धाग्यांवर लटकलेली असते, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

गुणांचा महापूर

२०२१ मध्ये तर परीक्षाच झाल्या नाहीत. दहावीचा निकाल नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे लागला, तो ९९.९५ टक्के. बारावीचा निकाल ९९.६३ टक्के. कागदावर हे यश अभूतपूर्व होते. नियोजनाच्या दृष्टीने मात्र ते जवळपास निरुपयोगी ठरले, कारण सगळेच उत्तीर्ण आणि बहुतेकांचे गुण वाढलेले असले, की आपले मूल नेमके कोठे उभे आहे, हे पालकाला कळेनासे होते.

बारावीच्या सूत्रातील एक बाब तर पुरेशी चर्चिलीच गेली नाही. त्यात ४० टक्के भार बारावीच्या अंतर्गत गुणांना, ३० टक्के अकरावीला आणि ३० टक्के दहावीतील सर्वोत्तम तीन विषयांना होता. या मुलांपैकी बहुतेकांनी दहावीची परीक्षा दिली होती २०१९ मध्ये. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण बंद केल्याने राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला होता. ओरड झाल्यावर पुढच्याच वर्षी ते गुण पुन्हा सुरू झाले. म्हणजे धोरणातील ज्या बदलाचा फटका या मुलांना दहावीत बसला, त्याचाच अंश दोन वर्षांनी त्यांच्या बारावीच्या निकालात पुन्हा मोजला गेला. या बदलाची झळ न लागलेल्या इतर मंडळांतील मुलांशी त्यांना पदवी प्रवेशासाठी स्पर्धा करायची होती, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

दहावीच्या मुलांसाठी सरकारने अकरावीची सामायिक प्रवेश परीक्षा जाहीर केली, ती २१ ऑगस्टला होणार होती. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. लस न मिळालेल्या मुलांना केंद्रांवर बोलावण्यातील धोका न्यायालयाने विचारात घेतला आणि तो रास्तच होता. पण निकालापासून ऑगस्टपर्यंत अनेक घरांत मुले त्याच परीक्षेची तयारी करीत होती. अवघ्या अकरा दिवस आधी ती तयारी निष्फळ ठरली.

लस आणि पास

याच ऑगस्टमध्ये वाशिंदसारख्या गावांना आणखी एक विसंगती सोसावी लागली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल खुली झाली, ती लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांसाठी. अकरावीत जाणारा विद्यार्थी सोळा वर्षांचा; त्याच्यासाठी तेव्हा लसच नव्हती. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले ३ जानेवारी २०२२ रोजी. ४ ऑक्टोबरला शाळांचे आणि २० ऑक्टोबरला महाविद्यालयांचे वर्ग उघडले. अठरा वर्षांखालील मुलांना लोकलचा पास मिळण्याचा मार्गही ऑक्टोबरातच मोकळा झाला. तोवर वडील कामावर लोकलने जाऊ शकत होते, पण मुलगा महाविद्यालयाची चौकशी करायलाही लोकलने जाऊ शकत नव्हता. ज्या महाविद्यालयाची इमारतही पाहिलेली नाही, त्याचे नाव पसंतीक्रमात वर लिहायचे की खाली, हा निर्णय अशा स्थितीत घेतला गेला.

पसंतीक्रम ही किरकोळ बाब नव्हे. अकरावीच्या ऑनलाइन प्रक्रियेत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तेथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते. नाव मोठे म्हणून दूरचे महाविद्यालय पहिले लिहिले आणि तेच मिळाले, तर रोजचा तीन-चार तासांचा प्रवास दोन वर्षांसाठी गळ्यात पडतो. हे समजावून सांगणारे शिक्षक त्या काळात समोर नव्हते. समोर होता तो मोबाइल, तोही प्रत्येक घरात नव्हता. 'असर' २०२० च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते, म्हणजे वाढ मोठीच. परंतु घरात एक फोन असणे आणि वडील तो घेऊन कामावर गेल्यावरही मुलाच्या हाती फोन असणे, यात फरक आहे.

साथीनंतरचा हिशेब

या पिढीचा खरा कस लागला तो नंतर. बारावीचा निकाल २०२१ मधील ९९.६३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ९४.२२ आणि २०२३ मध्ये ९१.२५ टक्क्यांवर आला. २०२३ च्या तुकडीतील बहुसंख्य मुले दहावीला परीक्षेविना उत्तीर्ण झालेली. मंडळाची पहिली लेखी परीक्षा त्यांनी थेट बारावीत दिली. दहावीच्या फुगलेल्या गुणांवर विसंबून विज्ञान शाखा घेतलेल्या मुलांना त्या निर्णयाचा अर्थ दोन वर्षांनी कळला.

दरम्यान प्रवेशाचे नियमही बदलत गेले. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आली. राज्यात २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारख्या अभ्यासक्रमांनाही सीईटी लागू झाली. संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणानुसार पदवीची रचना २०२४-२५ पासून बदलली. २०२५ मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया महानगरांपुरती न राहता संपूर्ण राज्याला लागू झाली. २१ मे २०२५ रोजी, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपर्यंत लांबली. यातील प्रत्येक बदलामागे काही तर्क आहे. ऑनलाइन प्रक्रियेने वशिलेबाजीला आळा बसतो, हेही नाकारता येत नाही. पण या सर्व बदलांचा एकत्रित परिणाम असा, की प्रवेश आता गुणांइतकाच माहितीवर अवलंबून आहे.

माहिती नसेल तर किंमत किती, याचे उदाहरण मुलींच्या शुल्कमाफीचे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परंतु त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून व्हावा लागतो. घाईने व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, तर ही सवलत हातची जाते. शहापूर तालुक्यात आदिवासी वस्ती मोठी आहे. तेथील कुटुंबांसाठी जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती असणे हा तितकाच निर्णायक मुद्दा ठरतो. प्रवासाचा आणि वसतिगृहाचा खर्च शुल्कमाफीत येत नाही, तो वेगळाच.

मार्ग कोणता?

उपाय खर्चिक नाहीत. दहावी-बारावीच्या प्रत्येक शाळेत निकालापूर्वीच पालकांची एक बैठक व्हावी. त्यात पसंतीक्रमाचा नियम, लागणारी प्रमाणपत्रे आणि शुल्कसवलतींच्या अटी सोप्या मराठीत सांगाव्यात. अर्ज भरण्यासाठी शाळेतील संगणक कक्ष निकालानंतरचे पंधरा दिवस खुला ठेवावा. सीईटीची केंद्रे देताना विद्यार्थी कोणत्या स्थानकावरून निघणार आहे आणि पहिल्या सत्राला पोहोचणारी गाडी आहे का, याचा विचार व्हावा. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेच्या चर्चेतही नोकरदारांबरोबर विद्यार्थ्यांच्या वेळांची दखल घेतली जावी.

पालकांनीही साथीच्या वर्षांतून एक धडा घ्यायला हरकत नाही. यादी लागल्यावर विचार सुरू करायचा, ही पद्धत आता चालणार नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचे आणि वैधतेचे प्रमाणपत्र मूल नववी-दहावीत असतानाच तयार हवे. आवडत्या महाविद्यालयाबरोबर एक जवळचे, गाडी बंद पडली तरी एसटीने किंवा रिक्षाने गाठता येईल असे महाविद्यालयही यादीत असावे. आणि पहिली पसंती लिहिण्यापूर्वी मुलाला त्या मार्गावर, नेमक्या त्याच वेळेच्या गाडीने एकदा प्रवास करायला लावावा. २०२१ मध्ये वाशिंदच्या मुलांना ही संधी नव्हती. आज ती एका तिकिटाच्या किमतीत मिळते.