आलेली प्रत्येक ऑफर घरमालकाच्या कानावर गेलीच पाहिजे!

घर विकायला काढलेल्या आणि काढू पाहणाऱ्या सर्व बंधू-भगिनींनो,

“पार्टी घर बघून गेली, पण जमेल असं वाटत नाही.” एजंटाने एवढे सांगितले की आपण फोन ठेवतो. पार्टी किती बोलली, टोकन द्यायला तयार होती का, कर्ज मंजूर होते का, हे आपण विचारत नाही आणि तो सांगत नाही. आपल्या घराला आलेली मागणी आपल्याला कळण्याआधीच परत जाते. नकार द्यायचा हक्क मालकाचा आहे. एजंटाने तो परस्पर वापरणे हा विश्वासघात आहे!

हे का घडते, याचा हिशेब मांडून पाहा. समजा, एजंटाच्या स्वतःच्या गिऱ्हाइकाने तुमच्या फ्लॅटला ८० लाख देऊ केले. दोन्हीकडून एकेक टक्का दलाली धरली, तर त्याला मिळतात १ लाख ६० हजार. दुसऱ्या एजंटाने आणलेले गिऱ्हाईक ८४ लाख द्यायला तयार आहे. पण तिथे खरेदीदाराची दलाली दुसऱ्याकडे जाते आणि आपल्या एजंटाच्या हाती पडतात फक्त ८४ हजार. म्हणजे मोठी ऑफर दाबली की त्याचे ७६ हजार वाढतात आणि तुमचे ४ लाख बुडतात. आयुष्यभर हप्ते फेडून घेतलेल्या घराचे हे ४ लाख आहेत!

दुसरा प्रकार ‘नेट’ भावाचा. “तुम्हाला अमुक इतके हातात देतो, वरचे माझे,” असे ठरले की खरी बोली मालकापासून लपवण्यातच एजंटाची कमाई असते. तिसरा प्रकार त्याहून वाईट. गिऱ्हाईक मुसलमान आहे, दलित आहे, एकटी राहणारी स्त्री आहे, एवढ्यावरून “मालकाला चालणार नाही” असे सांगून त्याला वाटेला लावतात. मालकाला कोणी विचारलेलेही नसते. आपल्या नावावर चाललेला हा भेदभाव आपण का खपवून घ्यायचा?

कायदा नाही, असे कोणी सांगू नये. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. कलम २११ प्रमाणे एजंटाने मालकाच्या सूचनेनुसारच काम करायचे असते. सूचना मोडून नुकसान केले तर भरपाई द्यावी लागते. एजंटाने तिसऱ्याच्या नावावर घर स्वतःच घेतले आणि महत्त्वाची गोष्ट बेइमानीने लपवली, तर कलम २१५ प्रमाणे मालक तो व्यवहार नाकारू शकतो. कलम २२० तर स्पष्टच सांगते की ज्या कामात एजंटाने गैरवर्तन केले, त्या कामाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क नाही.

उणीव आहे ती देखरेखीची. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, पण ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली घरे विकण्यासाठी. डोंबिवलीतल्या किंवा कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट या चौकटीबाहेर राहतो. इंग्लंडमध्ये मालकाने स्वतःच नको म्हटलेल्या ऑफर सोडून बाकी प्रत्येक ऑफर त्याला ताबडतोब आणि लेखी कळवणे एजंटावर बंधनकारक आहे. मग आपल्याकडे का नको?

म्हणून आमच्या मागण्या:

१. रिसेलचे काम करणाऱ्या एजंटांनाही नोंदणी सक्तीची करा.
२. प्रत्येक ऑफर रक्कम आणि अटींसह २४ तासांत मालकाला लेखी कळवण्याचा नियम करा.
३. एजंट दोन्हीकडून दलाली घेणार असेल किंवा खरेदीदार त्याचा नातेवाईक वा भागीदार असेल, तर ते आधी लेखी सांगणे बंधनकारक करा.

सरकार करेल तेव्हा करेल. आपण आजपासून एक गोष्ट करू शकतो. किल्ली देण्यापूर्वी एजंटाला व्हॉट्सअॅपवर हा मजकूर पाठवा आणि त्याचे “मान्य” असे उत्तर जपून ठेवा:

“माझ्या घरासाठी आलेली प्रत्येक ऑफर, रक्कम कितीही असो आणि गिऱ्हाईक कोणीही असो, त्याच दिवशी मला लेखी कळवावी. नाकारण्याचा निर्णय मी घेईन.”

ही तुमची लेखी सूचना झाली. उद्या वाद झाला, तर कलम २११ चा आधार घ्यायला हाच पुरावा उपयोगी पडेल. जो एजंट यावर “मान्य” म्हणायला कचरतो, त्याच्या हाती किल्ली देऊ नका.

प्रामाणिक एजंट बंधूंनो, हे पत्रक तुमच्याविरुद्ध नाही. कागदपत्रे जुळवणे, बँकेत खेटे घालणे, सोसायटीची एनओसी मिळवणे, ही मेहनत तुमची आहे आणि तिची दलाली तुम्हाला मिळालीच पाहिजे. ऑफर दाबणारे तुमच्याच धंद्याचे नाव खराब करतात. या मागण्यांवर पहिली सही तुमची असू द्या.

घर आमचे, निर्णयही आमचाच!

(वाचून झाल्यावर हे पत्रक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावावे, ही विनंती.)