वैमानिकांची झोप की कंपनीचं नियोजन? डिसेंबरच्या विमान गोंधळाचं खापर नेमकं कुणावर

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या विमानतळांना यात्रेतल्या एसटी स्टँडची कळा आली होती. मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली, बंगळुरू, सगळीकडे तेच चित्र. ५ डिसेंबरला तर एकट्या इंडिगोची हजारावर उड्डाणं रद्द झाली. कुणाचं लग्न चुकलं, कुणाची मुलाखत. आणि बघता बघता चर्चा सुरू झाली की वैमानिकांना विश्रांती देणाऱ्या नव्या नियमामुळे हे सगळं घडलं.

ही चर्चा अर्धवट आहे. नियम काही आदल्या रात्री आलेला नव्हता.

दोन वर्षांचा अवधी

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. ते जून २०२४ पासून लागू व्हायचे होते, पण लांबणीवर पडले. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे दोन टप्पे ठरले: १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली होती.

नियमात आहे तरी काय? आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्र पूर्वी १२ ते पहाटे ५ धरत, ती आता सकाळी ६ पर्यंत धरली जाते. रात्रीच्या ड्युटीत पूर्वी ६ वेळा विमान उतरवायला परवानगी होती, ती २ वर आली. शिवाय वैमानिकांच्या थकव्याचा अहवाल कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी द्यायचा आहे.

एका तासाने काय फरक पडतो?

रात्रीच्या लाईटवर उसाला दारं धरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पहाटे दोननंतर डोळे उघडे असतात, पण डोकं जागेवर नसतं. पहाटे २ ते ६ हा माणसाच्या शरीराचा सगळ्यात मंद काळ, असं शास्त्रही सांगतं.

२२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळुरूला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. वेळ सकाळी ६ च्या सुमाराची. १६६ पैकी १५८ जण गेले. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगनुसार मुख्य वैमानिक प्रवासात दीड तासाहून जास्त झोपलेला होता. उतरताना सहवैमानिकाने तीनदा सांगितलं, विमान पुन्हा वर घ्या. पण त्याने ते ऐकलं नाही. झोपेतून उठल्यावर डोक्यावर राहणारी गुंगी हे त्याच्या चुकीच्या निर्णयामागचं एक कारण असावं, असं चौकशीत नोंदवलं गेलं.

जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक एकाच वेळी २८ मिनिटं झोपले. विमान वाट सोडून गेलं होतं. नशीब म्हणून १५३ प्रवासी सुखरूप उतरले.

दारू तपासता येते, झोप नाही

ड्युटीवर जाण्याआधी वैमानिकाला फुंकर मारायला लावतात. दारू प्यायलेला असेल तर तो तिथेच सापडतो. ऑस्ट्रेलियातल्या १९९७ च्या एका अभ्यासात दिसलं, की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. पण झोप मोजणारं तसं यंत्र गेटवर नाही. म्हणून तासांचा हिशोब हाच खरा बांध आहे. तो फुटला की मागे उरतो फक्त वैमानिकाचा स्वतःचा शब्द, की "मी दमलोय." आणि तो शब्द उच्चारला तर नोकरीत काय होईल, ही भीती असतेच.

सवलत कुणाला मिळाली?

नियोजनात चूक झाल्याचं इंडिगोने स्वतः डीजीसीएपुढे मान्य केलं. दुसऱ्या कंपन्यांनाही हाच नियम होता, त्यांचा असा बोजवारा उडाला नाही. पण देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकाच कंपनीकडे, त्यामुळे ती अडकली की देश अडकतो. शेवटी ५ डिसेंबरला रात्रीच्या ड्युटीचे नियम इंडिगोसाठी १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सैल केले गेले. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलम तर सगळ्यांसाठीच मागे घेतलं. नंतर इंडिगोची १० टक्के उड्डाणं कमी करायला लावली, हे खरं. तरी कर्ज नियमित फेडणाऱ्याने बघत राहावं आणि थकवणाऱ्याला माफी मिळावी, तसलाच हा प्रकार झाला.

कंपनीची अडचण अगदीच खोटी नाही. कॅप्टन तयार व्हायला वर्षं जातात, जादा माणसं ठेवली तर तिकीट महागतं. पण ही अडचण जानेवारी २०२४ लाही दिसत होती. भरती तेव्हा करायची, नाहीतर उड्डाणं कमी करायची. दोन्ही न करता डिसेंबरात प्रवाशांचे हाल पुढे केले, की सरकारला नमावंच लागतं.

सवलतीची मुदत १० फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. थकव्याचे तिमाही अहवाल लोकांसमोर आले पाहिजेत. "दमलोय" म्हणणाऱ्या वैमानिकाचा पगार कापला जाणार नाही, हेही लेखी हवं. विमान चार तास उशिरा आलं तर माणूस चिडतो, पण घरी पोहोचतो. मंगळुरूच्या १५८ जणांचं तसं झालं नाही.